अर्धा धडा

सोलापूरकडच्या बोलीत काही शब्द असे आहेत, की ते कोशात पाहून समजत नाहीत. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडूनच ऐकावे लागतात. 'मोगलाई' हा त्यांतलाच एक. इतिहासातले मोगल दिल्लीला नांदले. आमच्या जुन्या माणसांची मोगलाई मात्र तुळजापूरच्या वाटेवर, गावापासून काही कोसांवरच सुरू होत असे. निजामाचा मुलूख म्हणजे मोगलाई. दुसरा शब्द 'रझाकारी'. एका पोराने दुसऱ्याची गोटी हिसकावून घेतली, की माझी आजी ओट्यावरून ओरडे, "काय रझाकारी लावलीय रं?" रझाकार या मूळ शब्दाचा अर्थ पाहिला, तर तो आहे स्वयंसेवक, आपखुषीने सेवा करणारा माणूस. सेवेचा हा शब्द दोन-तीन वर्षांत शिवी होऊन बसला. शब्दाची अशी गत होते, तेव्हा त्या शब्दामागे माणसांची काय गत झाली असेल, याची कल्पना सुज्ञ वाचकांनी करावी.

चकली-करंजीच्या ताटाशेजारी ठेवण्याच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण दिवाळीत घरातली थोर माणसे आणि शेंबडी पोरे एका पंगतीला बसतात. वर्षभर ज्यांना बोलायला फुरसत नसते, ती या चार दिवसांत बोलतात. जुन्या काळाबद्दल विचारायचे असेल, तर याहून चांगला मुहूर्त नाही. आणि विचारायची माणसे आता फार थोडी उरली आहेत.

सोलापूर तेव्हा ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात होते आणि आमच्यापैकी पुष्कळांची कुलस्वामिनी निजामाच्या राज्यात होती. तुळजापूर येथून सुमारे ४५ किलोमीटर. कोजागिरीला आजही सोलापुरातून हजारो माणसे रात्रभर पायी चालत भवानीच्या दर्शनाला जातात. रस्त्यात ठिकठिकाणी चहा मिळतो, फराळ मिळतो, कोणी थकलेल्यांचे पायही चेपून देतो. १९४७-४८ साली याच रस्त्याने माणसे उलट दिशेने येत होती. गाडीत जात्याची तळी, एखादे अंथरूण, देव्हाऱ्यातले टाक आणि मागे बांधलेली गाय. माझी आजी त्या वेळी बारा वर्षांची होती. तुळजापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून तिचे वडील घरच्यांना घेऊन रात्रीतून निघाले आणि सोलापुरात गिरणीत काम करणाऱ्या एका नातेवाइकाच्या खोलीत येऊन राहिले. आठ हातांच्या त्या खोलीत चौदा माणसे होती, असे ती सांगे. त्यांच्यासारखी कुटुंबे सोलापूर-बार्शीकडे तेव्हा किती तरी आली. हैदराबाद स्टेट काँग्रेसचे लढाऊ कॅम्पही सरहद्दीलगत याच बाजूला होते. त्या लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ हे मुळात हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक. मी शिक्षकाचा पेशा पत्करलेला असल्यामुळे ही गोष्ट मला नेहमीच आवडत आली आहे.

दुसऱ्या बाजूचा पुढारीही अशिक्षित नव्हता. कासीम रझवी हा अलीगढला शिकलेला आणि लातूरला वकिली करणारा माणूस. इत्तेहादुल मुसलमीन ही संघटना १९२७ साली निघाली, तेव्हा तिचे रूप पुढच्याइतके उग्र नव्हते. १९४६ च्या सुमारास सूत्रे रझवीच्या हाती गेली आणि गणवेश, कवायती, मिरवणुका व भाषणे यांना ऊत आला. दिल्लीच्या लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा लावण्याची भाषा सुरू झाली. आता हे विचारायला हवे, की चार सुखवस्तू माणसे अशा भाषणाला टाळ्या का पिटतात? राज्यातली सुमारे ८५ टक्के प्रजा हिंदू आणि सत्ता निजामाची. उद्या लोकांचे राज्य आले तर आपली नोकरी, आपली जहागीर, आपला मान यांचे काय होणार, ही धास्ती पुष्कळांच्या पोटात होती. ती अगदीच खोटी होती असेही नाही. रझवीने तिला समजूत घातली नाही. तिच्या हाती काठी दिली. भ्यालेल्या माणसाच्या हाती काठी आली, की तो आधी आपल्याहून दुबळ्याला शोधतो. सरहद्दीवरच्या खेड्यांनी त्याची किंमत भरली. घरे जळाली, धान्याची पेवे लुटली गेली, बायाबापड्यांची विटंबना झाली.

आणि जो आपल्यातला असून विरुद्ध बोलतो, त्याला अतिरेकी माणूस कधी क्षमा करीत नाही. हैदराबादेत शोएबुल्ला खान नावाचा एक तरुण संपादक होता. 'इमरोज' या आपल्या उर्दू पत्रातून तो रझाकारांवर टीका करी आणि संस्थानाने भारतात सामील व्हावे असे लिही. ऑगस्ट १९४८ मध्ये रात्री कचेरीतून घरी परतताना त्याला गाठून ठार मारण्यात आले. ज्या हाताने लिहिले तो हातही तोडला.

शिकलासवरलेला वकील हे कसे करतो, आणि शिकलीसवरलेली माणसे त्याच्या मागून कशी जातात? या प्रश्नापाशी मी अडतो, तेव्हा मला जर्मनी आठवतो. आपल्याकडच्या सुशिक्षितांना त्या देशाचे फार कौतुक. संस्कृतचे पंडित तिकडचे, यंत्रे तिकडची, रंग तिकडचे. हिंदुस्थानात लढाईपूर्वी कापड रंगवायला जे रंग येत, त्यांत जर्मन रंगांचा वाटा मोठा होता. सूत रंगवणाऱ्या आमच्या गावाला हे वेगळे सांगायला नको. अशा या देशात हिटलरच्या पक्षाला १९२८ च्या निवडणुकीत शंभरात तीन मतेसुद्धा नव्हती. पुढे मंदी आली, साठ लाखांवर माणसे बेकार झाली, आणि जुलै १९३२ मध्ये त्याच पक्षाला ३७ टक्के मते पडली. ३० जानेवारी १९३३ ला हिटलर चॅन्सेलर झाला. भीती तीच, काठी देणारा निराळा.

निजामाचे संस्थान आणि जर्मनी यांची बरोबरी करावी असे मी म्हणत नाही. तेथे साठ लाख ज्यूंची कत्तल झाली. त्या पापाला जगात जोड नाही. पण शिक्षक म्हणून मला एका बारीक गोष्टीने फार अस्वस्थ केले. नाझी राजवटीतल्या अंकगणिताच्या पुस्तकांत अशा तऱ्हेचे उदाहरण असे: वेड्यांचे एक इस्पितळ बांधायला अमुक लाख मार्क लागतात, एका कामगाराच्या घराला अमुक हजार लागतात, तर इस्पितळाच्या पैशात किती घरे झाली असती? मुले पाटीवर भागाकार करीत. उत्तर बरोबर आले, की गुरुजी शाबासकी देत. पुढे १९३९ पासून तशा रुग्णांना खरोखरच मारायला सुरुवात झाली, तेव्हा ते गणित लोकांच्या कानांना नवे राहिले नव्हते. देशातले बहुतेक शिक्षक तोवर त्या पक्षाच्या शिक्षकसंघात दाखल झाले होते. भाषण करणारा एक असतो. त्याचा भागाकार शिकवणारे हजारो लागतात.

आमच्याकडची हकिगत पुढे अशी. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या. मुख्य तुकडी सोलापूरहून निघाली. पहिल्याच दिवशी नळदुर्ग हाती आला आणि बोरी नदीवरचा पूल शाबूत मिळाला. मेजर जनरल जयंतोनाथ चौधुरी यांच्या हाताखालच्या या फौजेपुढे निजामाने १७ सप्टेंबरला हात टेकले. दर वर्षी त्या दिवशी मराठवाड्यात मुक्तिसंग्रामाचा झेंडा फडकतो, आणि तो फडकायलाच हवा. रझवी पकडला गेला, तुरुंगात राहिला, १९५७ मध्ये सुटून पाकिस्तानात गेला आणि १९७० मध्ये तेथेच वारला. आजीचे वडील गाडी जुंपून गावी परतले. आजीची गोष्ट येथे संपे. पुस्तकातला धडाही येथेच संपतो.

पण एकदा, तिच्या अखेरच्या दिवाळीत, आजी पुढचे बोलली. मी जवळ बसून लाह्या निवडत होतो. तिच्या माहेरी शेजारी एका तांबोळ्याचे घर होते. गावाहून निघताना आजीच्या आईने तुळशीची कुंडी त्यांच्याकडे ठेवली होती. परत आल्यावर पाहिले तो तांबोळ्याच्या घराला कडी नव्हती, आत माणूस नव्हते. कुंडी मात्र होती तशी दारात होती.

"आन् त्येंची शेळी आपल्या दावणीला व्हती," आजी म्हणाली. "कुणी आनली, ते इचारायचं न्हाई म्हून बा नं दटावलं. दूध लई गोड व्हतं बग, लेकरा."

एवढे बोलून ती गप्प झाली. तिने ते दूध प्याले होते आणि साठांवर वर्षे मनात ठेवले होते. बारा वर्षांच्या मुलीकडे तो जाब कोण मागणार? पण जाब मागायला कोणीच आले नाही, हीच गोष्ट तिला जड झाली असावी.

त्या शेळीचा मालक कोठे गेला, याचे उत्तर सरकारदप्तरी होते. पोलीस कारवाईनंतर काही आठवडे संस्थानाच्या खेड्यापाड्यांतून मुसलमानांवर सूड उगवला गेला. ज्यांनी रझाकारी केली ते पुष्कळसे निसटले होते. सापडले ते तांबोळी, अत्तार, पिंजारी आणि शेतमजूर. पंतप्रधान नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना मिस्री हे तिघे १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात हिंडून आले. मेलेल्यांची संख्या २७ ते ४० हजार असावी, असा त्यांनी अंदाज केला. सर्वांत जास्त हानी झालेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा होता. बाकीचे गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. तो अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही.

त्याच अहवालातली एक नोंद मात्र सोलापूरकराने उराशी धरावी अशी आहे. कित्येक हिंदूंनी जीव धोक्यात घालून शेजाऱ्यांना वाचवले. आणि एका धंद्यात हा बंधुभाव विशेष दिसून आला, असे त्या तिघांनी लिहिले. तो धंदा विणकरांचा. हिंदू विणकर मुसलमान विणकरांच्या दारात उभे राहिले, आणि काही ठिकाणी त्यापायी स्वतः मेले. मागावर बसणाऱ्याला ठाऊक असते, की उभा धागा तुटला तर आडवा कशात भरणार? माझी शाळा ज्या पेठेत आहे, तेथे पूर्वी दिवसभर मागांची खडखड चाले. तेलंगणातून आलेले पद्मशाली आणि मोमीन अशा दोघांचीही पोरे माझ्या वर्गात आहेत. घरी कोणी तेलुगू बोलतो, कोणी कानडी, कोणी दखनी. भांडतात मात्र सगळी मराठीत.

हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचा धडा मी दर वर्षी शिकवतो. एके वर्षी धडा संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. मोमीन घरातली, हुशार आणि अबोल. म्हणाली, "सर, रझाकार म्हणजे आमची माणसं का?" सगळा वर्ग वळून तिच्याकडे पाहू लागला. मी तिला शोएबुल्ला खानची हकिगत सांगितली. मग आमच्या गावातल्या चार हुतात्म्यांची सांगितली. १९३० च्या मार्शल लॉनंतर, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे चौघे एकाच दिवशी फासावर गेले. मुलगी खाली बसली. पण तिचा प्रश्न पुरता फिटला नाही, हे मला दिसत होते. दुसऱ्या दिवशी मी वर्गात उरलेला धडा सांगितला. विणकरांचाही आणि शेळीचाही.

चार दिवसांनी एका मुलाचे वडील शाळेत आले. भले गृहस्थ, चादरीचा व्यापार करणारे. म्हणाले, "सर, रझाकारांनी आमच्या आजोबांचं घर जाळलं. तुम्ही दोन्हीकडचं सारखंच करून ठेवता?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. मी म्हणालो, "साहेब, तुमच्या आजोबांचं घर जळालं, हे मी आधी सांगितलं आणि पुढंही आधीच सांगेन. पण एका खात्यातली रक्कम दुसऱ्या खात्यातून वजा होत नाही. दोन्ही मांडाव्या लागतात." त्यांना हे पटले, असे मी म्हणणार नाही. चहा न घेताच ते गेले.

असा चहा न घेता जाणारा माणूस जर्मनीत तर घरोघर होता. १९४५ नंतर पहिली पंधरा-वीस वर्षे त्या देशाने घरे बांधली, कारखाने उभारले आणि तोंड मिटून घेतले. हद्दपार केलेल्या ज्यूंचे सामान शहराशहरांतून जाहीर लिलावात विकले गेले होते. ते कपाट, ती खुर्ची कोठून आली, हे मुलांनी विचारायचे नसे. आजीच्या बाने दटावले, तसेच तेथे हजारो बापांनी दटावले. मग फ्रिट्झ बाउअर नावाच्या एका सरकारी वकिलाने चिकाटी धरली. तो स्वतः ज्यू. हिटलरच्या अमलात तुरुंग आणि परागंदा जिणे भोगून परत आलेला. त्याच्या खटपटीने डिसेंबर १९६३ पासून ऑगस्ट १९६५ पर्यंत फ्रँकफुर्टला आउशवित्झ छावणीचा खटला चालला. आरोपींत राक्षस कोणी दिसेना. कोणी औषधाचे दुकान चालवणारा, कोणी दातांचा डॉक्टर, कोणी व्यापारी. मुले घरी जाऊन बापाला विचारू लागली, "तुम्ही तेव्हा कुठं होता?"

या प्रश्नाने तो देश बदलला. ७ डिसेंबर १९७० ला चॅन्सेलर विली ब्रांट वॉर्सा येथे ज्यूंच्या स्मारकापुढे गुडघे टेकून बसला. पुढे एका कलावंताने, मारल्या गेलेल्यांच्या घरांपुढे पायवाटेत पितळी पत्र्याचे लहान दगड बसवायला सुरुवात केली. दहा सेंटीमीटरचा चौकोन, वर नाव आणि साल. २०२३ पर्यंत असे एक लाखाहून अधिक दगड युरोपात बसले. नाव वाचायला मान खाली घालावी लागते. मात्र जाब विचारणाऱ्यांनाही अतिरेकाची बाधा होते, हेही तेथेच दिसले. त्या तरुणांतली काही मूठभर मुले बंदूक घेऊन निघाली आणि १९७७ साली त्यांच्या अपहरणांनी व खुनांनी देश हादरला. बापाचा राग धरता धरता त्यांनी बापाची भाषा उचलली.

आणि हे औषध एकदा घेतले की जन्माची खात्री, असेही नाही. १९६१ च्या करारानंतर जर्मनीत कामाला तुर्की माणसे गेली, तेथेच त्यांचे संसार झाले. २९ मे १९९३ ला झोलिंगेन गावी चार तरुणांनी एका तुर्की कुटुंबाचे घर पेटवले. मेव्ल्युदे गेंच या बाईच्या दोन मुली, दोन नाती आणि एक भाची त्यात गेल्या. त्या बाईने सूड मागितला नाही. दोन्ही समाजांनी सलोख्याने राहावे, असे २०२२ मध्ये मरेपर्यंत ती सांगत राहिली. तरीही फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत परक्यांविरुद्ध कडवे बोलणाऱ्या पक्षाला २०.८ टक्के मते मिळाली. इतके दगड बसवूनही असे का, म्हणून कोणी हिणवील. मला वाटते, धडा दर पिढीला पहिल्यापासून शिकवावा लागतो. अक्षरओळख बापाला होती म्हणून मुलाला येत नाही.

म्हणून गेल्या काही वर्षांपासून मी आठवीच्या मुलांना दिवाळीच्या सुटीत निबंध देत नाही. एकच प्रश्न देतो. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि विचारा: 'वाईट दिवसांत आपल्याला कोणी लपवलं, आणि आपण कोणाला लपवलं?' जे सांगतील, ते त्यांच्याच शब्दांत लिहा. पुष्कळ वह्या कोऱ्या येतात. काहींत मार्शल लॉ येतो, काहींत किल्लारीचा भूकंप. त्या मोमीन मुलीने लिहिले, की तिच्या पणजोबांना एका पद्मशाली घरात माग बसवलेल्या खड्ड्यात दोन दिवस ठेवले होते, आणि वरती माग चालू होता.

चहा न घेता गेलेल्या गृहस्थांच्या मुलाची वही सर्वांत शेवटी आली. अक्षर मुलाचे, मधूनमधून वडिलांच्या हाताच्या दुरुस्त्या होत्या. घर जाळायला रझाकार येणार, ही बातमी गावच्या मुलाण्याने आदल्या रात्री येऊन सांगितली, म्हणून घर गेले पण माणसे वाचली, असे त्यात लिहिले होते. खाली एकच ओळ होती: 'मुलाण्याचे पुढे काय झाले, ते आमच्या घरात कोणाला माहीत नाही.'

मी त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली आणि मुलाला सांगितले, की पुढचे पान कोरे ठेव, विचारत राहा.